आई काढल्याची वेळ

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी निळ्या पाच नंबरच्या बरणीत वीसपैकी सतरा पिसवा मेलेल्या निघाल्या. तिने बरणी दिव्यासमोरून खाली ठेवली, चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा मोजलं. सतराच. जिवंत होत्या त्या तिघी पाण्याच्या वरच्या थरात उचकी लागल्यासारख्या हलत होत्या. बाकीच्या तळाशी, पांढऱ्या, शिजलेल्या कणीसारख्या. निळ्या बरण्यांमध्ये तीन आठवड्यांत एखादी मरते, फार तर दोन. अकरा वर्षांत तिसरी मेल्याची नोंद दोनदा होती आणि दोन्ही वेळा खोलीचा एसी बंद पडला होता. तिने रजिस्टर ओढलं, ‘जिवंत’खाली तीन लिहिलं, ‘मेलेल्या’खाली सतरा, वेळ घातली, सही केली. सही नेहमीसारखीच आली. मग तिच्या लक्षात आलं की आपण अजून उभ्याच आहोत आणि डावा हात कोटाच्या खिशात मूठ करून बसला आहे. लहानपणी वर्गात काही फुटलं की तो असाच बसायचा, फोडलं कोणीही असो.

पाण्यातल्या पिसवांना शास्त्रीय नाव आहे, पण संस्थेत ते फक्त पाहुण्यांसमोर वापरतात. कणीएवढा जीव, काचेसारखा आरपार; पोटातली अंडी बाहेरून मोजता येतात. नर क्वचित लागतो. आईला मुली होतात, मुलींना मुली, सगळ्या एकाच साच्यातल्या. या पिसवांच्या अंगात एक परजीवी राहतो आणि खोलीतल्या सगळ्यांना पगार खरं तर त्याच्यासाठी मिळतो. मांडण्या दोन. लाल पट्टीच्या आठ बरण्यांत आजारी पिसू मेली की तिला चुरडायचं आणि तो गाळ निरोगी पिसवांच्या पाण्यात टाकायचा. परजीवीला दर खेपेला नवं, परकं घर. निळ्या पट्टीच्या आठ बरण्यांत त्याला फक्त आईकडून मुलीत जाता येतं. एका बरणीत एक आई सोडायची. तिला पिल्लं झाली की त्याच गुरुवारी तिला काढायचं, ती मरून पाण्यात विरघळायच्या आत. मुली वाढवायच्या आणि त्यांतली एक निवडायची, ती पुढची आई. लाल परजीवी वर्षागणिक जहाल होत गेला. आता तो दहा दिवसांत बरणी रिकामी करतो. निळा इतका मवाळ झाला की आजारी पिसू निरोगीपासून ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो. पहिल्याच वर्षी कोणीतरी लालांना ‘उंडग्या’ म्हणालं आणि निळ्यांना ‘घरकोंबड्या’, आणि ती नावं चिकटली. पाहुणे आले की सर भाडेकरूचं उदाहरण देतात. ज्याला दुसरीकडे जागा मिळण्यासारखी नाही तो घर सांभाळून राहतो, कारण घर पडलं तर तोही गेला. ज्याच्या हातात दुसऱ्या घराची किल्ली आली आहे तो भिंतीत कुठेही खिळे ठोकतो. रोग जुना झाला की आपोआप सौम्य होतो असं पूर्वी डॉक्टरही समजायचे. तसं काही नसतं. तो कुठल्या वाटेने पुढे जातो त्यावर ते ठरतं. हे सरांनी तिच्यादेखत दोनशे वेळा तरी म्हटलं असेल, आणि दर वेळी ‘वाट’ म्हणताना बोट वर केलं असेल.

सर सव्वादहाला आले. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

“किती?”

“सतरा.”

“लालचा काही संबंध?”

“ड्रॉपर वेगळ्या कपाटात असतात सर. किल्ल्या दोन्ही माझ्याकडे. आणि निळ्याचं काम आधी, मग लालचं. उलट कधी केलं नाही.”

हे खरं होतं, म्हणून ती ते पटकन बोलू शकली. सर सूक्ष्मदर्शकावर बसले ते पंचवीस मिनिटं उठले नाहीत. त्यांच्या मानेवर मागे केस कापताना राहून गेलेली एक बट होती. त्या बटेकडे बघत ती उभी राहिली. उठले तेव्हा त्यांचे डोळे ओलसर होते, बराच वेळ भिंगात बघितल्यामुळे असतील. “आपलाच आहे,” ते म्हणाले. “लालसारखा दिसत नाही. पण आत नुसता गच्च भरलाय. अकरा वर्षं घरात गप्प बसून काढली आणि आता घरच्यांनाच खाल्लं. कोणाचा विश्वास बसेल?” मग स्वतःशीच हसले. “बघा, सतरा मेल्या म्हणून खूश होणारा म्हातारा. मंगळवारी, येत्या नाही, पुढच्या, अनुदान समिती बसते आहे. आपलं दुकान बंद करायला निघाले होते. म्हणे, जे सिद्ध व्हायचं ते झालं, आता काय नवीन. त्यांना म्हणावं हे घ्या नवीन. कोणतीही वाट न देता हा जहाल झालाय. मला निळ्या पाचच्या गेल्या दोन वर्षांतल्या सगळ्या गोठवलेल्या आया हव्यात. तळघरातल्या थंडोबाला सांगा. शुक्रवारपर्यंत.”

ती हो म्हणाली. सर गेल्यावर तिने दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर कपाटातून काढलं, उघडलं आणि जे तिला माहीत होतं ते बघितलं. ‘आई काढली’ असा एक रकाना. त्याच्याखाली वेळा, तिच्या बारीक उभ्या अक्षरात. निळी एक, दहा दहा. निळी दोन, दहा पंचवीस. निळी तीन, दहा चाळीस. पाच नंबरला अकरा दहा. दर तिसऱ्या गुरुवारी, पानामागून पान, पंधरा-पंधरा मिनिटांच्या पायऱ्या. ओल्या हातमोज्यांनी लिहिता येत नाही, म्हणून सगळं उरकल्यावर वेळा एकदम भरायच्या, ही सगळ्याच प्रयोगशाळांची सवय. त्यात खोटं असं काही नसतं, मागेपुढे दोन-चार मिनिटं. पण दोन वर्षांपूर्वी घरी तिची आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतरच्या गुरुवारी तिला चारऐवजी दोनला निघायचं होतं. वरच्या फळीवरच्या चार बरण्यांतल्या आया तिने काढल्या. खालच्या फळीवरच्या चार, पाच ते आठ, राहिल्या. त्या शनिवारी काढू, असं तिने ठरवलं आणि रजिस्टरमध्ये आठही वेळा भरून टाकल्या, कारण अर्धं पान मोकळं दिसलं असतं. शनिवारी सकाळी येऊन तिने त्या खरोखर काढल्या. दोन दिवसांनी काही बिघडलं नव्हतं. पुढच्या खेपेला तिला तितकी घाई नव्हती, पण खालची फळी शनिवारची झालीच होती. मग एका शनिवारी ती आली नाही. सोमवारी पाच नंबरच्या तळाशी आई पांढरी होऊन पडलेली होती, अर्धी विरघळलेली, आणि पिल्लं तिच्याभोवती, तिच्यातून, खात फिरत होती. तिने ड्रॉपरने उरलंसुरलं ओढून घेतलं आणि नळ सोडला. नंतर असं किती वेळा झालं हे तिला सांगता आलं नसतं. सांगता आलं नसतं, म्हणजे ती मोजत नव्हती. जिचं सगळं कामच मोजण्याचं, तिने एवढी एक गोष्ट मोजली नव्हती.

म्हणजे वाट होती, मेलेल्या आईतून पाण्यात आणि तिथून पिल्लांत. दोन वर्षं ती शनिवारी उघडी राहत होती, कधी सोमवारपर्यंत. आई मेली तरी परजीवीचं काही अडत नव्हतं. उलट लवकर मेली तर बरंच. मग जो तिला लवकर मारेल तो पुढे जाणार, आणि जो वर्षानुवर्षं समजुतीने राहिला तो मागे पडणार. पस्तीस पिढ्या. सरांना जे आश्चर्य वाटत होतं ते आश्चर्य नव्हतंच. त्यांचंच भाडेकरूचं उदाहरण होतं, ते त्यांच्याच खोलीत, खालच्या फळीवर, त्यांच्या पाठीमागे घडत होतं.

घरी पोचली तेव्हा आई हॉलमध्ये उघड्या बॅगेसमोर स्टुलावर बसली होती आणि घड्या मोडून पुन्हा घालत होती. दादाने तिकीट पाठवून महिना झाला होता. शनिवारचं, एका बाजूचं. दादा बावीस वर्षांपूर्वी गेला, सुरुवातीला दर रविवारी फोन करायचा, मग महिन्यातून एकदा. आता त्याला मोठं घर मिळालं होतं, खालच्या मजल्यावर खोली होती, आईला जिना चढायला लागणार नव्हता. ही बातमी कळेपर्यंत आई चाळीस वर्षं ज्या सुरात बोलायची तो सूर सगळ्या शेजारपाजाराला माहीत होता. आईला काही नको असायचं. कशालाही ती “राहू दे गं, माझं काय” म्हणायची. चहा गार झाला तरी प्यायची, पंखा लावू का विचारलं तर तुला गरम होतंय का म्हणायची. महिन्याभरात तिचा आवाज वाढला नव्हता, शब्द बदलले होते. “हा टॉवेल अंग पुसायचा आहे का पोछा?” “तू चालतेस कशी गं, पाय ओढत. दहा वर्षं बघतेय.” “खिडकी लाव. तुला धूळ दिसत नाही म्हणजे धूळ नसते असं नाही.” पहिल्यांदा हे ऐकून ती हसली होती. नंतर तिला वाटलं, प्रवासाची धास्ती असेल. आज ती दारात चप्पल काढत असताना तिच्या मनात सरांचं वाक्य आलं, किल्लीचं आणि खिळ्यांचं, आणि ती तिथेच थबकली. आईबद्दल असं मनात येणं हे कुठल्याही माणसाला शोभणारं नव्हतं. शिवाय हिशेब नीट बसतही नव्हता. घर आईच्या नावावर. खुबा मोडेपर्यंत स्वयंपाक आईचा. तिचे कपडे अजून आई घडी घालून ठेवायची. कोण कोणाच्या अंगावर जगत होतं हे बाहेरून बघणाऱ्याला सूक्ष्मदर्शकाशिवाय कळलं नसतं.

“काय गं, भूत बघितलंस?” आई म्हणाली.

“कामावर जरा गडबड आहे.”

“तुझ्या त्या किड्यांची?”

“किडे नाहीत आई. बरं, किडेच समज.”

“मेले का?”

“हो.”

“मग सुटलीस,” आई म्हणाली आणि शालीची घडी चौथ्यांदा मोडली.

मंगळवारी सकाळी ती तळघरात थंडोबाकडे गेली. संस्थेचे सगळे गोठवलेले नमुने त्याच्या ताब्यात. अंगात जाड जाकीट, मिशीवर दव, आणि आग लागली तरी चालत जाईल असा स्वभाव, म्हणून थंडोबा. एकोणीस वर्षं दोघं एकाच इमारतीत होती. निळ्या बरणीतून काढलेली प्रत्येक आई बोटाच्या पेराएवढ्या नळीत घालून त्याच्याकडे पोचवायची असा नियम होता. तो ती शंभर खणांच्या डबीत ठेवायचा, तारीख घालून.

“या घरकोंबडी मॅडम,” तो म्हणाला. “तुमच्या पोरींनी घर पेटवलं म्हणे.”

“पाच नंबरची डबी हवी आहे. गेल्या दोन वर्षांची.”

त्याने ती आधीच काढून ठेवली होती. झाकण उघडलं तेव्हा वाफ बाहेर आली आणि ती विरल्यावर तिला खण दिसले. पस्तीस असायला हवे होते. भरलेले चोवीस. मधले मधले अकरा रिकामे, दात पडल्यासारखे. भरलेल्या नळ्यांवरही थंडोबाच्या अक्षरात तारखा होत्या, आणि पहिल्या काही सोडल्या तर त्यांत गुरुवार शोधावा लागला असता.

तिने रिकामे खण पुन्हा मोजले. थंडोबाने हातमोजा काढून मिशी पुसली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“मला काय माहीत असणार. माझ्याकडे जे येतं ते मी ठेवतो. येत नाही ते कसं ठेवू?”

“दोन वर्षांत एकदा तरी विचारायचंस.”

“विचारलं होतं. पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस आईचं चाललंय. म्हटलं मग बाई बरोबर आहे. आईपुढे कोण बोलणार.” त्याने झाकण बसवलं. “हे बघ. गेल्या वर्षी वीज गेली होती दोन दिवस, आठवतंय? त्यात बऱ्याच जणांच्या नळ्या गेल्या, मी यादी केली होती. त्या यादीत अकरा ओळी वाढल्या तर कोणाचं काही बिघडत नाही. म्हाताऱ्याला त्याचं अनुदान मिळेल, तुला तुझी खोली. मी पुढच्या वर्षी रिटायर.”

“आणि तारखा?”

“तारखा मी दोन दिवसांनी टाकतो, माझी सवयच आहे तशी. आळशी माणूस. सगळ्यांना पटेल.”

तो हे कसलाही उपकार करत असल्यासारखा बोलला नाही. एखाद्याला जिन्यावर हात द्यावा तसं बोलला. तिने विचार करते म्हणून सांगितलं. वर येताना लिफ्टच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो चेहरा आधीच सुटल्यासारखा दिसत होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. बुधवारी सहा नंबरमध्येही चार मेल्या. सर खोलीत तीनदा आले. तिसऱ्या वेळी त्यांनी तिच्यासाठी स्वतः चहा आणला, कागदी कपात, साखर विसरून, आणि म्हणाले की शोधनिबंधावर तिचं नाव दुसरं टाकणार, आभारात नाही. “अकरा वर्षं तुमची एक नोंद चुकली नाही. हे समितीला मी तोंडी सांगणार आहे.” तिने बिनसाखरेचा चहा पूर्ण प्याला. त्या दिवशी संध्याकाळी बस न पकडता ती चालत निघाली, औषधांची दुकानं, चाव्या करणारा, चष्म्याचं दुकान, बँक, पुन्हा औषधांचं दुकान, आणि मनात यादी करत गेली. आई पडली ते तारखेसकट. ऑपरेशन. व्यायाम करून घेणारी बाई शनिवारी सकाळी नऊला यायची, म्हणून शनिवारी जाता यायचं नाही. हे सगळं खरं होतं आणि कोणालाही सांगता येण्यासारखं होतं. माणूस आईसाठी थांबला तर त्याला कोण काय म्हणेल.

गुरुवारी संध्याकाळी आईची औषधं भरताना तिने ते सांगून टाकलं. सगळं नाही, इतकंच की शनिवारी जायला जमत नव्हतं तेव्हा कामात थोडी कुचराई झाली आणि आता ती निस्तरायची आहे. गोळ्यांची डबी सात कप्प्यांची होती. आई चष्म्यावरून तिच्या बोटांकडे बघत होती.

“शनिवारी जायला का जमत नव्हतं?” आईने विचारलं.

“अगं, तुझी ती व्यायामवाली बाई यायची ना.”

“ती तीन महिने आली.”

तिने हातातली पांढरी गोळी एका कप्प्यात टाकली.

“तीन महिने आली आणि मग मीच तिला बंद केलं. तुला सांगितलं होतं. नंतर दीड-दोन वर्षं कित्येक शनिवारी तू त्या खुर्चीत बसून असायचीस. चहा पुढ्यात घेऊन. मी म्हणायची, अगं जा की. तू म्हणायचीस, तुला एकटीला टाकून कशी जाऊ.” आईने पांढरी गोळी चुकीच्या कप्प्यातून उचलून बरोबर कप्प्यात टाकली. “मला एकटीला बरं वाटतं गं थोडा वेळ. कधी बोलले नाही.”

“मग बोलायचंस.”

“इथे राहायचं होतं मला. तुझ्या जिवावर. कशाला बोलू?” आई हे अगदी शांतपणे म्हणाली. “दादाकडे जाते आहे म्हणून आता बोलता येतंय. तू माझ्यासाठी राहिलीस असं सगळ्यांना वाटतं. तुलापण वाटतं. त्या मुलाला लग्नाला नाही म्हणालीस तेव्हा मी धडधाकट होते, बाई. रोज दोन जिने चढत होते. ती दुसऱ्या गावची नोकरी आली तेव्हापण. तुला राहायचंच होतं. नाव माझं पुढे केलंस. करू दिलं मी, मलापण सोयीचं होतं.”

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं-टीं आवाज बराच वेळ येत राहिला. तिला वाटलं आता आपल्याला राग येईल, आणि ती त्याची वाट बघत बसली. आला नाही. त्याऐवजी तिला त्या शनिवारांतला एक शनिवार दिसला, कुठलाही: पडद्यातून आलेलं ऊन खुर्चीच्या हातावर, कपावर साय, आतून आईच्या रेडिओचा आवाज, आणि आपण काहीही न करता बसलेलो. दुःख नाही, थकवाही नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला खालच्या फळीवर चार आया आहेत हे माहीत असणं, आणि उठायचं नसणं. न उठण्यात एक बारीक सुख होतं, हे तिला पहिल्यांदाच दिसलं. ते सुख कोणाच्याही आजारपणातून आलेलं नव्हतं. त्या मुलाला नाही म्हणून घरी परत आली त्या दिवशीही ते होतं. ती याच खुर्चीत बसली होती, आणि आईने न विचारता चहा आणून दिला होता.

“झोपायच्या आधीची कोणती?” तिने विचारलं.

“पिवळी,” आई म्हणाली.

शुक्रवारी ती आठला संस्थेत पोचली. सरांना पत्र लिहायला तिला चाळीस मिनिटं लागली, आणि ते झालं तेव्हा जेमतेम नऊ ओळींचं होतं. पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘माझ्या आईच्या आजारपणामुळे’ अशी होती. तिने ते शब्द वाचले, पुन्हा वाचले आणि खोडले. कारण म्हणून दुसरं काही सुचलं नाही, म्हणून कारणाशिवायच लिहिलं. गेल्या दोन वर्षांत निळ्या पाच ते आठ या बरण्यांतून आई ठरलेल्या गुरुवारी काढलेली नाही. बहुतेक वेळा शनिवारी काढली, काही वेळा सोमवारी, आणि पाच नंबरमध्ये किमान अकरा वेळा ती बरणीतच मेली. रजिस्टरमधल्या त्या बरण्यांच्या वेळा प्रत्यक्ष नाहीत, मी नंतर भरलेल्या आहेत. एक ते चारच्या खऱ्या आहेत, पण त्या खऱ्या आहेत याला माझ्या शब्दापलीकडे पुरावा नाही. या शेवटच्या वाक्यात अकरा वर्षांचं सगळं गेलं: उंडग्या, घरकोंबड्या, सरांचं वर उचललेलं बोट. तिने पत्राबरोबर डबीतल्या खणांचा नकाशा जोडला, अकरा ठिकाणी फुल्या. थंडोबाला फोन करून सांगितलं की यादीत ओळी वाढवू नकोस.

“नक्की?” तो म्हणाला.

“हो.”

“म्हातारा रडेल.”

“रडू दे.”

थंडोबाच्या मागे फ्रीजरची घरघर येत होती. “जेवायला ये खाली,” तो म्हणाला. “तळघरात गर्दी नसते.”

पत्र नऊ वाजून दोन मिनिटांनी गेलं. नऊ अकराला ते वाचलं गेल्याची खूण आली. सर त्या दिवशी खोलीत आले नाहीत. साडेचारला ती निघाली तेव्हा त्यांच्या दाराच्या काचेतून दिवा दिसत होता आणि ते खुर्चीत पाठमोरे होते. मानेवरची ती बट कापलेली होती. ती दोन मिनिटं उभी राहिली, दार वाजवलं नाही.

शनिवारी टॅक्सी सव्वाअकराला आली. विमानतळाच्या आत फक्त प्रवाशाला जाता येतं. चाकाच्या खुर्चीवर आईला बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, “आजी, एकट्याच?” आणि आई म्हणाली, “हो, एकटीच,” आणि तिच्या आवाजात जी ऐट होती ती तिने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. काचेच्या दारापाशी आईने तिची बाही धरून खाली ओढलं. तिला वाटलं, आता काहीतरी मऊ म्हणेल. “कॉलर आत गेलीये,” आई म्हणाली आणि ती बाहेर काढून दिली. मग खुर्ची वळली. आईने मागे बघितलं की नाही हे तिला दिसलं नाही, मध्ये एक कुटुंब सामानाच्या गाड्या घेऊन आलं. घरी आल्यावर तिने खुर्ची खिडकीपासून उचलून भिंतीला लावली. तिथे ती विचित्र दिसत होती. संध्याकाळी पुन्हा जागेवर ठेवली, पण बसली नाही. रविवारी तिने दोन माणसांचं पाणी गॅसवर ठेवलं आणि उकळेपर्यंत ते तिच्या लक्षात आलं नाही. दुपारी शेजारीण बेल वाजवून म्हणाली, “आता तुम्ही मोकळ्या झालात हो,” आणि ती हो म्हणाली.

हे लिहिलं जात असताना सोमवार आहे. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तिने निळी पाच दिव्यासमोर धरली. जिवंत दोन. एकीच्या पाठीतल्या कोशात सात अंडी दिसतात, गडद, एक-दोन दिवसांत फुटतील अशी. सहा नंबरमध्ये मेलेल्या नऊ, सात आणि आठमध्ये एकेक, वरच्या फळीवर एकही नाही. तिने सगळे आकडे भरले आणि या वेळी प्रत्येक बरणीनंतर हातमोजा काढून वेळ लिहिली. त्यामुळे दोन नंबरला सहा मिनिटं लागल्याचं दिसतं आणि तीनला अकरा. ‘आई काढली’ हा रकाना अजून मोकळा आहे, गुरुवारपर्यंत तो मोकळाच असायला हवा. समितीची बैठक उद्या अकराला आहे. सरांचं उत्तर आलेलं नाही, त्यांच्या दाराला कुलूप आहे आणि ते कुठे आहेत हे थंडोबालाही माहीत नाही. दादाचा निरोप पहाटे आला: पोचली, झोपली आहे. उठल्यावर फोन करेल, असं त्याने लिहिलं आहे. दहा वाजून पाच मिनिटांपर्यंत आलेला नाही.